ड्युटीवरचा आवाज

१२ जानेवारी, सोमवार
शेख सिस्टर मार्चअखेर रिटायर होतायत. हॉस्पिटलात कॅज्युअल्टीच्या, तातडीच्या विभागाच्या, इन्चार्ज आहेत, मी ब्रदर म्हणून लागलो तेव्हा नर्सिंगचं इथलं सगळं काम त्यांनीच शिकवलं. आज ट्रॉली लावता लावता म्हणाल्या, "मिलिंद, मी गेल्यावर तू इथंच राहा. वॉर्डात बदली मागितलीस ना, ते राहू दे. मी बोलते साहेबांशी."
मीच कशाला, म्हणालो.
"लोकं बोंबलत येतात. तुझा आवाज चढत न्हाय. तू हळू बोलतोस, मग ती पण हळू बोलायला लागतात. ये सिखाने से नहीं आता, बेटा."
विचार करून सांगतो म्हणालो.
घरी येऊन सुजाताला सांगितलं. हसली. "हळू कसलं, घरी तर तुम्ही बोलतच न्हाईत." पाचवा महिना चालू आहे तिला. हसता हसता कमरेला हात लावून बसली खाली. मी पेपर वाचत राहिलो.

१६ जानेवारी, शुक्रवार
दुपारी तेरखेड्याची एक बाई आली. फटाक्याची दारू भरताना भडका उडाला, दोन्ही हात मनगटाच्या वरपर्यंत भाजलेले. नवऱ्यानं शेजाऱ्याच्या जीपमधून आणली. हात आधी नळाखाली धरले. मनगटं फुगायला लागली होती आणि त्यात संक्रांतीच्या नव्याकोऱ्या बांगड्या. काढल्या नाहीत तर रुतल्या असत्या, बोटांकडं रक्त गेलं नसतं. मी चिमटा उचलला तशी बाईनं हात मागं ओढले.
"बांगड्या न्हाय फोडायच्या. मालक जित्ता हाय माझा."
तोवर हूं का चूं केलं नव्हतं तिनं.
मी खाली बसलो, तिच्या तोंडासमोर. म्हणालो, "मावशी, फोडत न्हाय, वाढवतो. आणि मालकांनाच इथं उभं करतो."
नवरा दाराबाहेर होता. त्याला आत घेतलं, कोपराला धरायला लावलं. बांगडीखाली गॉजची घडी सरकवायची आणि चिमट्यानं दाबायची. बांगडी निघाली की तो म्हणायचा, "नवी भरू गं. हिरवीच भरू." प्रत्येक बांगडीला तेच. शेवटी शेवटी त्याचा घसा बसला. ती मात्र त्याच्याकडं बघत शांत पडून होती.
संध्याकाळी सोलापूरच्या मोठ्या दवाखान्यात पाठवली. स्ट्रेचरवरून मला म्हणते, "दादा, तुमी जेवला का?"

१७ जानेवारी, शनिवार
काल मला काहीच झालं नाही. घरी येऊन पोटभर जेवलो, झोप पण लागली. सुजातानं विचारलं, दिवस कसा गेला. नेहमीसारखा, म्हणालो.
शेख सिस्टर म्हणतात ते हेच बहुतेक. पण हे चांगलं का वाईट?

२० जानेवारी, मंगळवार
आज दुपारची ड्युटी होती. सकाळी सुजाता न्हाणीतून बाहेर आली आणि दाराला धरून उभी राहिली. "अहो, रक्त गेलंय."
उठलो. डाव्या कुशीवर निजवलं. नाडी धरली. कधीपासून, किती, लाल का काळपट, पोटात कळ येते का. ती सांगत गेली, मी घड्याळाकडं बघत होतो. रिक्षा बोलावली. फाइल, पाण्याची बाटली, जास्तीची साडी. काही विसरलो नाही.
रिक्षात ती रडायला लागली. मी तिचा हात धरला आणि म्हणालो, "ताई, घाबरू नका. आपण पोचतोय."
ताई म्हणालो. माझ्या बायकोला.
तिनं हात सोडवून घेतला.

त्याच दिवशी, संध्याकाळी
बाळाचे ठोके चांगले आहेत. सोनोग्राफीत बाळाची वार, म्हणजे प्लासेंटा, खाली दिसली, म्हणून रक्त गेलं. डॉक्टर मॅडम म्हणाल्या, दिवस भरत जातील तशी बऱ्याच जणींची वर सरकते. तोवर आराम, वजन उचलायचं नाही, परत रक्त दिसलं की लगेच यायचं.
मी रजा टाकली. भात केला. सुजाता भिंतीकडं तोंड करून पडली होती. तशीच म्हणाली,
"ब्रदर दवाखान्यात लई हायत. सकाळी मला तुम्ही पाहिजे होता."
मी उठलो. भात वाढला. थोडा खाल्ला तिनं.

२२ जानेवारी, गुरुवार
सासरे आले, मी त्यांना मामाच म्हणतो, तिला माहेरी परंड्याला नेलं. मॅडमना विचारूनच. एसटी नको म्हणून मामांनी ओळखीची गाडी आणली होती, मागच्या सीटवर गादी टाकून. मी गाडीवाल्याला सांगत होतो, गतिरोधक आला की काय करायचं. मामा म्हणाले, "जावईबापू, सावकाशच नेतो. लेक हाय माझी."
सुजातानं काचेतून हात केला. मी पण केला.

२५ जानेवारी, रविवार
घर लई मोठं झालंय. दोन खोल्यांचंच आहे.
फोनवर: जेवलीस का. हो. रक्त? न्हाय. गोळ्या? घेतल्या. बरं. ठेवू का?
ठेवल्यावर लक्षात येतं, परत सगळं केसपेपरवरचंच विचारलं.

३० जानेवारी, शुक्रवार
येडशीकडून मोटरसायकलवरून पडलेले दोघं भाऊ आले. थोरल्याचा पाय मोडलेला, पण धाकट्याचं खरचटलेलं बघून तोच जास्त कळवळत होता. दोघांच्या खाटा जवळ सरकवल्या, तेव्हा गप्प झाला.
चहाच्या वेळी शेख सिस्टरना सगळं सांगितलं. रिक्षातलं, ताई म्हणालो ते. हसतील वाटलं. हसल्या नाहीत.
म्हणाल्या, "आमचे मिस्टर गेले तेव्हा मी त्यांची नाडी धरून घड्याळ बघत होते. मग टाइम लिहिला. मग पोरांना फोन केले. चादर बदलली. सगळे म्हणाले, किती धीराची बाई. रोना रह गया, मिलिंद. इतकी वर्षं झाली, अजून राहिलंच आहे."
कप विसळून त्या आत गेल्या. छातीत दुखणारे एक काका आले होते, त्यांच्याशी नेहमीसारख्याच बोलल्या. किती छान बोलतात. आज मला ते ऐकवेना.

८ फेब्रुवारी, रविवार
सुट्टी. परंड्याला गेलो. मामांनी हुरडा भाजला होता, पण सुजाताला बाहेर बसायची परवानगी नाही, म्हणून ताटली घेऊन तिच्या खाटेपाशीच बसलो. मी चोळून द्यायचो, ती खायची.
वाटेत एसटीत ठरवलं होतं काय बोलायचं. ते सगळं राहिलं. एकदम म्हणालो, "त्या दिवशी मी लई घाबरलो होतो."
ती बघायला लागली.
"घाबरलो की माझा तोच आवाज निघतो. दुसरा न्हाय माझ्याकडं. कॅज्युअल्टीत रोज घाबरतो मी. कुणाला कळत न्हाय एवढंच."
"मग सांगायचं की तेव्हाच," ती म्हणाली. "मला वाटलं, ह्यांना काहीच होत न्हाय. मी एकटीच घाबरले. दोघं मिळून घाबरलो असतो."
मग विचारलं, तिथं काय काय होतं ते सांगा. मी सांगत बसलो. तेरखेड्याच्या मावशींचं सांगितलं, नवरा कसा म्हणत होता तेही. ते ऐकताना रडली, पण माझा हात धरून. मला पण पाणी आलं डोळ्यात, सोळा तारखेला यायला पाहिजे होतं ते आज. मामी चहा घेऊन आल्या आणि दारातूनच परत गेल्या.
निघताना सुजाता म्हणाली, "ताई म्हणालात ते मी आमच्या आईला सांगितलं. लई हसली ती."

१७ फेब्रुवारी, मंगळवार
परंड्यातच सोनोग्राफी. सुजाताला आत घेतलं. मी बाकड्यावर. तिथल्या सिस्टर फाइल घेऊन आल्या. पेशंटचा रक्तगट? शेवटची पाळी कधीची? मागं रक्त गेलं ती तारीख? अगदी शांत आवाज, चांगल्या होत्या.
मला एकाचंही उत्तर देता येईना. रोज लोकांना हेच विचारतो. त्या म्हणाल्या, "दादा, बसा तुम्ही. पाणी देऊ का?" पाणी प्यालो. आतून सुजाताच ओरडून उत्तरं देत होती, रक्तगट, तारखा, सगळं.
वार थोडी वर सरकलीय. पूर्ण नाही. पुढच्या महिन्यात परत बघू, तोवर आराम तसाच. सिझर लागेल का नाही ते आत्ता सांगता येत नाही.
मग मलाही आत बोलावून ठोके ऐकवले. मी बाहेर येऊन भिंतीकडं तोंड करून उभा राहिलो जरा वेळ. मामांनी पाठीवर हात ठेवला.
दिवेलागणीला शेख सिस्टरचा फोन. "साहेब विचारतायत. राहतोस का जातोस?"
उद्या सांगतो म्हणालो.
सुजाताला विचारलं, तू सांग.
"मी कशाला सांगू? तिथलं तुम्हाला कळतं. घरातलं तेवढं मी सांगते. कुठं पण काम करा, घरी आलं की आधी माझ्यापाशी बसायचं. भाजलं, मोडलं, मेलं, सगळं सांगायचं. मला ऐकवतं."
राहावं वाटतंय. पण शेख सिस्टर कप विसळत होत्या ते डोळ्यापुढून हलत नाही. अजून ठरत नाही.
मामांकडंच मुक्काम आज. हे लिहितोय तर सुजाता विचारते, काय लिहिताय एवढं. म्हणालो, वाचून दाखवू?
उशी सरकवून जागा केलीय तिनं.