दोन बोटं मखमल

मास्तर, आज रविवार. कंपनी बंद आहे. कपडे धुऊन गच्चीवर वाळत घातलेत आणि तिथंच टाकीच्या सावलीला बसून तुम्हाला लिहून राह्यलो. तुम्ही जाऊन सहा वर्षं झाली, तेव्हा हा कागद कुठं टाकायचा ते मला माहीत नाही. माझं लिहिणं सातवीपर्यंतचं. नाटकाची वहीसुद्धा तुम्ही वाचायचे आणि मी ऐकून पाठ करायचो. मी इथं तिरुप्पूरला, बनियनच्या कंपनीत आहे. तुम्ही म्हणायचे ते खरं, पायाला भिंगरीच आहे माझ्या, चार कंपन्या बदलून झाल्या. पण या कंपनीनं मला कटिंगच्या टेबलावर घेतलं आणि मी टिकलो. कात्री चालवायच्या आधी कापडावरून दोनदा हात फिरवायचा, हे तुमचं मी अजून करतो. तामिळ पोरं हसतात. हसू द्या. पोटाला मिळतं, झोप बराबर लागते. एकच गोष्ट गळ्यात अडकून होती, ती परवा निघाली. ती सांगायला बसलोय.

तुम्हाला आठवत असेल, आपल्या गावच्या जत्रेचं नाटक दुपारी चारला सुरू व्हायचं, कारण रात्री वीज आली की अर्धं गाव पाणी द्यायला शेतात जायचं. दर साली तेच नाटक. राजानं लेकरासारखा वाढवलेला सेनापती गादीसाठी राजालाच मारतो, मंग ज्यानं ज्यानं पाह्यलं त्याला मारतो, आणि शेवटी रिकाम्या दरबारात एकेकाचं नाव घेऊन हाका मारतो, तर ओ द्यायला कुणीच राहिलेलं नसतं. सेनापतीचा मखमली अंगरखा गावानं वर्गणी काढून एकदाच शिवलेला. कापड जालन्याच्या मस्तगडातून आणलं, शिवला तुम्ही. पुन्हा एवढा खर्चा कोण करतो? म्हणून रीतच पडली, की ज्याला अंगरखा येईल तो सेनापती. मारुतीच्या पारावर सगळ्यांसमोर अंगात घालून बघायचा. दोन साल तो गिरणीवाल्याच्या थोरल्याला बेतल्यासारखा बसला. मला घातला की बुजगावणं दिसायचो.

मला ते काम पाहिजे होतं, मास्तर. किती पाहिजे होतं ते तुम्हालाही पुरतं कळलं नसेल. तुमच्या दुकानात काज-बटणं करताना मी सेनापतीचं सगळं भाषण मनात म्हणायचो. राजाचं, राणीचं, हुजऱ्याचंसुद्धा पाठ होतं. त्या साली तुम्ही अस्तर आणायला जालन्याला गेल्ते. मी पेटीतून अंगरखा उन्हाला काढला, आणि दुकानाचं दार लोटून दोन्ही बाजूंनी काखेपासून खालपर्यंत दोन-दोन बोटं आत घेतला.

पारावर काय झालं ते तुमच्यासमोरच झालं. थोरल्यानं हात घातले, पण छातीवर बंद येईना. जीव खाऊन श्वास ओढला तरी येईना. त्याचं लगीन होऊन चारच महिने झालेले. कुणीतरी वरडलं, "सासूनं लई तूप चारलं बे!" दुसरा म्हणला, "गिरणीत आलेलं सगळ्या गावाचं पीठ ह्यानंच खाल्लं!" अख्खा पार हसून लोळला. तोही हसला, पण त्याचे कान लाल झाले होते. वाटूरहून सासरची माणसं जत्रेला येणार होती आणि आमचे जावई सेनापती होणार म्हणून त्यांनी तिकडं सांगून ठेवलेलं. मंग मला घातला. बसला. थोरल्यानं स्वतःच्या हातानं माझे बंद बांधले आणि म्हणला, "शोभतो रे लेका." त्याला राजा केलं.

तिसऱ्या दिवशी तुम्ही गळ्याला जरीची पट्टी लावायला अंगरखा घेतला. मशीन थांबली. मी मान वर केली नाही.

"ही शिवण कोणाची?" तुम्ही विचारलं.

मी काज करत राह्यलो.

"माझा टाका एवढा मोठा न्हाई. कोणाची?"

"माझी," मी म्हणलो. "उसवू का?"

मला वाटलं, आता मापाचा गज बसतो पाठीवर. तुम्ही चष्मा काढून पुसला आणि म्हणले, "काल तालमीत राजाला मारताना तू कसा उभा व्हता, ठावं हाय? वावरातून बकरी हाकलून राह्यला जसा. काईच येत न्हव्हतं तुला." मंग अंगरखा माझ्या मांडीवर टाकला. "उसवू नको. घाल असाच. आता येईल. पण नाटक झालं की त्याला तुझ्या तोंडानं सांगायचं. मी न्हाई सांगणार."

मी हो म्हणलो.

आणि आलं, मास्तर. राजा मंचकावर निजायला जाताना सेनापतीचे हात हातात घेतो आणि विचारतो, "पोरा, तुझे हात गार का?" तालमीत दहादा ऐकलेलं ते वाक्य. पण त्या दिवशी थोरला माझ्याकडं इतकं सरळ बघत होता, इतकं प्रेमानं, की माझे हात खरंच गार पडले. त्याला वाटलं मी छान काम करून राह्यलो. डोळ्यानंच म्हणला, शाब्बास. मी मारलं. समोर बायका रडत होत्या. शेवटच्या दरबारात हाका मारताना तुम्ही पडद्याआडून वाक्य पुरवायला वही धरून उभे होते, पण मला तुमची गरज लागली नाही. लोकांनी खांद्यावर घेतलं. त्यात थोरलाही होता.

सांगितलं मात्र नाही. तुम्ही रोज दुकानात विचारायचे, "बोलला का?" मी म्हणायचो, बोलतो. पोळा आला, दसरा आला. मंग तुम्ही विचारणंच सोडलं. ते विचारण्याहून वाईट होतं. मी गाव सोडलं त्याचं अर्धं कारण ते. पुढच्या साली तुमची तब्येत बिघडली, नाटक बंद पडलं, पेटी थोरल्यानं गिरणीत नेऊन ठेवली. तुम्ही गेले तेव्हा मला दोन दिवसांनी कळलं.

परवा दुपारच्या सुट्टीत थोरल्याचा फोन आला. यंदा नाटक पुन्हा बसवून राह्यले. "अंगरखा काढला रे," तो म्हणला. "बायकोनं काखेत उसवून पाह्यलं तर दोन्हीकडं दोन बोटं मखमल आत. एकदम नवी कोरी, ऊनच लागलेलं न्हाई. वरची शिवण मागून मारलेली. मास्तरनं असं काहून केलं असंल? माझं काई चुकलं व्हतं का त्यायच्याशी?"

मी डबा बाजूला ठेवला. गप राहिलो असतो तर तुमच्यामागं ते तुमच्याच माथी गेलं असतं, आणि तो जन्मभर आपलं काय चुकलं ते शोधत बसला असता.

"मास्तरनं न्हाई," मी म्हणलो. "मी केलं."

गिरणीच्या आवाजाच्या वर त्यानं मला ज्या शिव्या दिल्या त्या तुमच्या कागदावर लिहीत नाही. "अबे, मी सहा महिने एक टाइम जेवलो! सासऱ्यासमोर पोट आत घेऊन बसायचो!" मागून त्याची बायको विचारत होती काय झालं, आणि त्यानं तिला सांगितलं, आणि ती इतकी हसली की मला इथं ऐकू आलं. थोडा वेळ त्याचा राग आणि तिचं हसू दोन्ही चालू होतं. शेवटी तो म्हणला, "सुट्टी काढ. यंदा मी सेनापती. तू राजा. आन् मी मारताना खरंच मारणार, सांगून ठेवतो."

सुट्टी टाकली आहे. राजाचं भाषण पाठच आहे. लई हलकं वाटतं, मास्तर, खोटं कशाला सांगू.

फक्त फोन ठेवायच्या आधी त्यानं वेगळ्याच आवाजात विचारलं, "मास्तरला म्हाईत व्हतं का रे?" त्याच्या गिरणीत गणपतीच्या बाजूला तुमचा फोटो लावलेला आहे. मी म्हणलो, न्हाई. त्यायला बिलकुल म्हाईत न्हव्हतं.