कायमचे स्थलांतरित

॥ श्री ॥

बाभूळवस्ती, जि. अहिल्यानगर
ता. ८ सप्टेंबर २०२५

सौ. सत्यशीला वन्संना,
मुक्ताचा सा. न. वि. वि.

गेल्या माघात एके दिवशी सकाळी शेळीची धार काढून झाली होती, चुलीतली राख उकिरड्यावर टाकून झाली होती आणि मी अंगणात बसून तुरीच्या काड्या बडवत होते. धनश्री शाळेला गेली होती. वस्तीवर दुसरं कुणी नव्हतं. सगळ्यांच्या दारांना कुलपं, सगळे ऊसतोडीला गेलेले. आपल्या घरातला तेरावा नुकताच होऊन गेला होता. तेवढ्यात मोटरसायकलवर एक माणूस आला. त्याच्या हातात पाटीएवढा मोबाईल होता. त्यानं त्यात बघून तुमच्या दादांचं पूर्ण नाव वाचलं आणि मला विचारलं, की यांच्या घरचे कुठं आहेत.

तुम्हाला माहीत आहे, लग्नातला उखाणा सोडला तर मी त्यांचं नाव कधी घेतलेलं नाही. आणि तो दुसरा शब्द तर तोवर माझ्या तोंडून एकदाही निघाला नव्हता. मी म्हणाले, ते गेले. त्यानं विचारलं, की हंगाम संपल्यावर येतील ना? मी म्हणाले, नाही, आता परत यायचे नाहीत. त्यानं बोटानं काहीतरी टिपलं, तांब्याभर पाणी प्यायला आणि गेला. मला वाटलं, बरा माणूस आहे, खोदून विचारलं नाही.

हे आज का लिहिते, तर आपलं रेशनकार्ड बंद पडलं आहे. आषाढापासून घरात दुकानाचा दाणा नाही. पहिल्या महिन्यात गोरक्षभाऊ, आपले रेशन दुकानवाले, म्हणाले की मशीनला रेंज नाही. पुढच्या महिन्यात म्हणाले की वरूनच काहीतरी अडकलंय. गेल्या शुक्रवारी त्यांनी कार्डाचा नंबर टाकून नीट पाहिलं. मी म्हणाले, मला दाखवा, मी वाचते. जोडाक्षरं मला अजून थांबून थांबून वाचावी लागतात. लिहिलं होतं, ‘कायमचे स्थलांतरित’. स्थलांतरित हा शब्द मी पेपरात वाचला होता, धरणावर येणाऱ्या पक्ष्यांच्या बातमीत.

गोरक्षभाऊ चेष्टेनं म्हणाले, की वहिनी, सरकारच्या लेखी तुमी हितं न्हाईच, मग माझ्यापुढं कोन उभं हाय? पण माझं तोंड बघून त्यांनी चेष्टा आवरली. तिथंच मला उमगलं. त्या मोबाईलवाल्या माणसाला मी शेजारीण वाटले. मी एका माणसाबद्दल मानानं ‘ते’ म्हणाले आणि त्यानं सगळं घर धरलं.

आता खरी गोष्ट सांगते. पुंजाराम मुकादम येऊन गेला. नवराबायकोचा मिळून एक कोयता, एकटी बाई म्हणजे अर्धा कोयता. तो म्हणतो, पोरगी आता नववीत आहे, अंगानं भरलीय, तिला बरोबर घे म्हणजे कोयता पुरा होतो. मी त्याला दारातूनच लावून दिला. दुकानाचं धान्य मिळालं तर इथल्या खुरपणीवर आम्ही दोघी कशातरी राहू. नाही मिळालं तर दिवाळीनंतर त्याच्या टेम्पोत बसावं लागेल. ज्या फडात बाप मोळी घेऊन खाली बसला आणि उठला नाही, त्या फडात मला पोरगी न्यायची नाही. एवढं एकच मला टाळायचं आहे.

फोन करत नाही, कारण फोन शेजारच्या भागूबाईचा. आपण बोलायच्या आधी तिलाच सगळं कळतं. घरात थोरांना नमस्कार, तुमच्या ओंकारला आशीर्वाद. माया पातळ होऊ देऊ नका.

तुमची वहिनी,
मुक्ता

॥ श्री ॥

पुणतांबा
ता. १६ सप्टेंबर २०२५

ती. मुक्तावहिनीस,
सत्यशीलेचा शि. सा. नमस्कार.

पत्र पोचलं. सासूबाई म्हणाल्या, पाकिटावर ‘गं. भा.’ घाल, तशी रीत आहे. मी नुसतं मुक्तावहिनी लिहिलं. त्या फुगून बसल्या आहेत, बसू देत.

तुमचं अक्षर आता माझ्यापेक्षा चांगलं झालं आहे. मी सातवी शिकून कोंबडीचे पाय काढते आणि तुम्ही भेळीच्या कागदावर शिकून मोती मांडता. दादा म्हणायचा, की हिच्या हातात भेळ दिली तर आधी कागद वाचते, तोवर भेळ मऊ पडते. हे लिहिताना हसले आणि मग चुलीपुढं जाऊन बसले. ‘कायमचे स्थलांतरित’ वाचून मला त्या माणसाचा राग यायला हवा होता. आला नाही. दादाबद्दल त्यानं खोटं तरी काय लिहिलं?

पण तुम्ही दोघी तिथं आहात ना! तालुक्याच्या कचेरीत जा, स्वतःच्या हातानं अर्ज लिहा आणि घडलं ते तोंडानं सांगा. तुम्ही साहेबापुढं गेलात की पदर ओढून गप्प उभ्या राहता, ते आता चालायचं नाही.

इकडे गोदावरी घाटाच्या पायऱ्या चढून आली होती, आता उतरली. सोयाबीन पाण्यात आहे. यांचा गुडघा तसाच, पण चालतात तालुक्याच्या पुढाऱ्यासारखे. ओंकारबरोबर गव्हाचं पोतं पाठवते. लेकीच्या घरचं खात नाही, असं म्हणून परत पाठवू नका. वाटलं तर धनश्रीलाच इकडे लावून द्या. मला मुलगी नाही, हे तुम्हाला सांगायला नको.

काय झालं ते लगेच कळवा. धाकट्या नणंदेवर लोभ आहे तसा राहू द्या, वर थोडा वाढवलात तरी चालेल.

आपली,
सत्यशीला

॥ श्री ॥

बाभूळवस्ती
ता. २९ सप्टेंबर २०२५

सौ. सत्यशीला वन्संना,
मुक्ताचा सा. न. वि. वि.

गव्हाचं पोतं ओंकारबरोबर परत लावून दिलं, रागावू नका. तुमचं लग्न झाल्यापासून तुमचे दादा तुमच्या घरी आले की चहासुद्धा उभ्यानंच घेऊन निघायचे. ते गेल्यावर पहिल्याच वर्षी मी तुमच्याकडून पोतं उतरवून घेतलं, तर माझ्या घशाखाली घास उतरणार नाही. ओंकार फार चांगला आहे. भाकरी खाल्ली आणि पोतं पुन्हा गाडीला बांधलं.

मी कचेरीत जाऊन आले. अर्ज मीच लिहिला, धनश्रीनं वेलांट्या तपासल्या. खिडकीपाशी सकाळपासून रांग होती. माझी पाळी आली तेव्हा साहेबांनी अर्ज वाचला आणि म्हणाले, सही ‘सौ. मुक्ता’ अशी आहे. म्हणजे मालक आहेत. मग त्यांनाही घेऊन या, दोघांचा अंगठा लागेल.

वन्सं, मी लिहायला शिकले तेव्हा पहिल्यांदा माझं नाव लिहिलं ते सौ. लावूनच. तुमच्या दादांनी अंगणातल्या धुळीत काडीनं गिरवून दिलं होतं. हाताला तेच वळण आहे. धनश्रीलाही ते खटकलं नाही, कारण आईचं नाव तिनं असंच पाहिलेलं.

मी म्हणाले, त्यांना आणता येणार नाही. साहेबांनी विचारलं, कुठं असतात? आणि माझ्या तोंडून पुन्हा तेच निघालं, की ते गेले. साहेब म्हणाले, मग बाई, स्थलांतर बरोबरच लिहिलंय की. त्यांनी अर्ज परत दिला. मागून एक म्हातारा म्हणाला, की चल माय, पुढं हो, ऊन वाढलं. मी पुढं झाले.

ट्रंकेत मृत्यूचा दाखला होता, वन्सं. कारखान्याकडच्या गावातून त्याच वेळी मिळालेला. मी तो बरोबर नेला नव्हता. गोरक्षभाऊंनी तेव्हाच सांगितलं होतं, की नाव कमी करून घ्या. मी आज करू, उद्या करू करत राहिले.

घरी आल्यावर धनश्री माझ्यावर ओरडली. म्हणाली, आई, तू सगळ्या जगाला सांगतेस ते गेले, ते गेले. ते एसटीनं गेलेत का? मयत म्हण. तीन अक्षरं आहेत, काना नाही, मात्रा नाही. मग ती बाहेर जाऊन शेळीपाशी बसली.

पीठ तळाला गेलं आहे. पुंजाराम पुन्हा आला होता. या वेळी मी त्याला पाणी दिलं.

दसरा आहे, सोनं लुटताना आमची आठवण ठेवा.

मुक्ता

॥ श्री ॥

पुणतांबा
ता. ६ ऑक्टोबर २०२५

ती. वहिनीस,
सत्यशीलेचा शि. सा. नमस्कार.

पोतं परत आलं. सासूबाईंना वाटलं मी पाठवलंच नव्हतं, म्हणून त्या खूश झाल्या. तेवढाच घरात आनंद.

तुम्ही सौ. लिहिलंत याची लाज वाटून घेऊ नका. परवा बाजारात बांगडीवालीनं मला विचारलं, की भाऊबीजेला भाऊ येतो का तू जातेस. मी म्हणाले, या वर्षी त्याला जमायचं नाही. घरी येईपर्यंत मला कळलंसुद्धा नाही मी काय बोलले ते. तेव्हा तुम्ही एकट्या नाही.

खरं सांगू का? तुम्ही नाव कमी करायचं लिहिलंत आणि मी पत्र तिथंच घडी घालून ठेवलं. लहानपणी रेशनला मला पाठवायचे तेव्हा कार्डावर पहिलं नाव आप्पांचं, त्याखाली दादाचं. मग आप्पा गेले आणि दादाचं नाव वर आलं. आता त्या घरात पुरुषाचं नावच राहणार नाही. रात्रभर वाटत होतं, तुम्हाला लिहावं, की नका कापू. सकाळी भाकऱ्या थापताना कळलं, की दादाला आता भाकरी लागत नाही. तुम्हाला लागते. दाखला न्या आणि कापून या.

इथल्या शाळेत विचारून ठेवलं आहे, धनश्रीला नववीत घेतील. तुम्ही म्हणाल लेकीच्या घरचं अन्न. भाची आत्याकडे राहते, त्यात रीत कुठं मोडते? आणि मोडलीच तर पाप मला लागू दे, मी सासूबाईंच्या हाताखाली एवढी वर्षं काढली आहेत, माझ्याकडे पुण्य शिल्लक आहे.

स्वतःला जपा. तुमच्यावाचून मला आता माहेर नाही, एवढं ध्यानात असू द्या.

आपली,
सत्यशीला

॥ श्री ॥

बाभूळवस्ती
ता. १७ ऑक्टोबर २०२५

सौ. सत्यशीला वन्संना,
मुक्ताचा सा. न. वि. वि.

धनश्रीनं तुम्हाला थोडंफार सांगितलं असेल. पण ती कचेरीत नव्हती, म्हणून माझ्या हातानं लिहिते.

मंगळवारी मी दाखला घेऊन गेले. अर्जावर या वेळी नुसतं मुक्ता लिहिलं. साहेब तेच होते. दाखला बघून ते खुर्चीत सरळ बसले आणि म्हणाले, की बाई, हे त्याच दिवशी का बोलला नाहीत? त्यांनी बराच वेळ कळा दाबल्या, मग स्क्रीन माझ्याकडे वळवली. म्हणाले, वाचता येतं ना तुम्हाला? मोठ्यानं वाचा आणि बरोबर आहे म्हणा, नंतर पुन्हा तक्रार नको.

मी वाचलं. मी ‘सहादेव’ म्हणाले, सासऱ्यांचं नाव म्हणाले, आडनाव म्हणाले, आणि पुढं होतं ते, मयत, तेही म्हणाले. रांगेत सगळ्यांना ऐकू गेलं असेल. साहेबांनी विचारलं, बरोबर आहे का. मी म्हणाले, बरोबर आहे. नाव माझ्या डोळ्यांदेखत स्क्रीनवरून गेलं. खाली आम्ही दोघीच उरलो, मी आणि धनश्री. साहेब म्हणाले, झालं, तुमचं कार्ड उघडलं.

मी पिशवीच घेऊन गेले होते, वन्सं. वाटलं होतं, येताना गोरक्षभाऊंच्या दुकानावरून धान्य घेऊनच घरी जाऊ. तेवढ्यात साहेब म्हणाले, की कार्ड चालू झालं, पण धान्य लगेच चालू होणार नाही. तुमची नावं गळाली तेव्हा त्या जागी दुसऱ्यांची बसवली. तालुक्याला जागा ठरलेल्या असतात, त्या भरल्यात. तुमचं नाव आता वाट बघणाऱ्यांच्या यादीत राहील, जागा झाली की लागेल. मी विचारलं, जागा कधी होईल. ते काही वाईट माणूस नाहीत, त्यांनी मला खरं तेच सांगितलं. म्हणाले, कुणी मयत झालं, किंवा कुणी कायमचं गाव सोडून गेलं, की होईल.

मी पिशवीची घडी घातली आणि स्टँडवर आले. कुणाच्या मरणाची वाट बघत घरी बसायचं, हे मला जमणारं नाही. आणि जमलं तरी डब्यात तेवढ्या दिवसांचं पीठ नाही. मी पूर्ण नाव घेतलं, सगळ्यांसमोर घेतलं, आणि त्याच्या बदल्यात काही मिळालं नाही. हे कुणाला सांगू? धनश्रीला सांगितलं नाही. तिला नुसतं म्हणाले, की वेळ लागेल. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि भाकरी अर्धी करून मला दिली.

वन्सं, ती सकाळी लवकर उठत नाही, हाक मारावी लागते. दुधाची साय तिला आवडत नाही, पण तसं म्हणणार नाही. घरकाम सांगा, ती करेल, फक्त शाळेच्या वेळेत सांगू नका. सासूबाई काही बोलल्या तर तिच्या कानावर येऊ देऊ नका. दिवाळी तिथंच करेल. तुमच्या दादांनी तुमच्या घरी कधी पाट मागितला नाही. मी त्यांच्या पोरीसाठी पाट मागते आहे, मनात अढी न धरता मांडा. माझ्यावर होती तेवढी माया तिच्या वाट्याला येऊ द्या.

त्या मंगळवारी आम्ही दोघी नेहमीसारख्याच झोपलो. दुसऱ्या दिवशी मी शाळेत जाऊन तिचा दाखला काढला, तिला तुमच्याकडच्या एसटीत बसवलं, आणि तिथूनच पुंजारामाच्या घरी जाऊन अर्धा कोयता म्हणून माझं नाव सांगून आले.

मुक्ता