जिप्समचा डोंगर

अब्बा, मी स्पेनला, ग्रनाडाला जाऊन आले. इथल्या, कुवेतच्या, फेब्रुवारीतल्या सुट्ट्यांना थोडी रजा जोडली आणि तिघं गेलो. मी, तुमचे जावई आणि तुम्ही न पाहिलेली नात. अम्माला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "सुट्टी हाय न् गावाला नाय? मंग जातेस तरी कुठं?" रजा मिळते ती रत्नागिरीला जाण्यासाठीच, हे तिच्या डोक्यात पक्कं बसलंय. तुमच्या तरी कुठे वेगळं होतं? तुमची प्रत्येक रजा घराच्या स्लॅबात, तुमच्या बहिणीच्या, फुफूच्या लग्नात नाहीतर विहिरीच्या गाळात संपली, आणि दर वेळी परत निघताना तुम्ही म्हणायचात, पुढच्या रजेत स्पेन. अम्मा हसायची. मी मात्र खरं मानायचे.

शाळेत असताना एका मे महिन्यात तुम्ही आम्हाला कुवेतला व्हिजिटवर बोलावलंत. त्यातल्या एका दिवशी तुम्ही मला कारखान्यात नेता. तिथे सगळंच पांढरं आहे, जमीन, पंखा, चहाचे पेले, तुमच्या भुवयासुद्धा. कुवेती घरांतल्या दिवाणियांसाठी, म्हणजे पाहुण्यांच्या बैठकांसाठी, तुम्ही जिप्समची नक्षी ओतताय. भिंतीवर मिसरी, म्हणजे इजिप्तच्या, मुकादमाने मासिकाचं एक पान चिकटवलंय. त्यात तांबूस किल्ला आणि मागे पांढराशुभ्र डोंगर. हे अल्हम्ब्रा, तिथल्यासारखी नक्षी काढा, एवढंच त्याचं सांगणं. मी विचारते, डोंगर पांढरा का? तुम्ही म्हणता, "जिप्समचा हाय. म्हनून तर तिकडं एवढी नक्षी झाली. माल दाराशीच!" मी म्हणते, अब्बा, तो बर्फ आहे. "बरफ? न् तिकडं? समोर आफ्रिका हाय, बाय. तुझ्या मास्तरणीला नकाशा नीट बघायला सांग." मी हुज्जत घालते तसे तुम्ही ओरडता, "माल हातात असताना बोलू नको!" पाणी पडलं की जिप्सम कुणासाठी थांबत नाही, हे मला तेव्हा काय ठाऊक. मी फुरंगटून पोत्यावर बसले. काम उरकल्यावर तुम्ही उरल्यासुरल्या मालाचं एक फूल करून माझ्या हातावर ठेवलंत. घट्ट होताना जिप्सम तापतो, म्हणून ते फूल कोमट होतं. वाद मात्र तुम्ही सोडला नाहीत.

पुढे लग्न होऊन मी कुवेतमध्येच, रिग्गईत राहायला आले. दर शुक्रवारी तुम्ही जलीबच्या कामगार वस्तीतल्या खोलीतून आमच्याकडे जेवायला यायचात, आणि माशाचा काटा काढता काढता तोच विषय. जावयांनी एकदा मोबाइलवर फोटो दाखवला, तर म्हणालात, "फोटोत काय, सगळंच पांढरं दिसतं. जाऊन बघू, मंग मानीन." आणि मग तुम्ही गेलात. रजा न घेता, एका साध्या कामाच्या दिवशी.

अब्बा, अल्हम्ब्राच्या भिंतींवरची नक्षी बघताना मला तुमची इतकी आठवण आली की पुढे पाऊल टाकवेना. तुम्ही करायचात तसं नख लावून बघायला गेले, तर पहारेकरी बाई ओरडली. मी म्हटलं, माझे वडील हेच काम करतात. "करायचे" म्हणायला जीभ वळली नाही. ती हसली आणि म्हणाली, मग त्यांना का नाही आणलंत? बाहेर आले तर समोर तो डोंगर, पानावर होता तसाच. लेक म्हणाली, "ममा, लुक! स्नो!" वर जायला बस होती. जावई आणि नात गेले आणि भिजलेले हातमोजे घेऊन परतले. मी खालीच बाकावर बसून राहिले. पाय दुखतात म्हणून सांगितलं. पाय दुखत नव्हते.

त्या संध्याकाळी अम्माचा फोन आला. "डोंगर बघितलास? कशाचा हाय?" मी म्हटलं, अब्बा म्हणायचे तेच बरोबर, जिप्समचा आहे. ती केवढी खूश झाली! म्हणाली, "बघ, मी सांगत होते ना, त्येंना त्यातलं समजतं." हे पत्र मी सुलैबिखातच्या कब्रस्तानात तुमच्या कबरीवर नेऊन वाचणार नाही, तिथे गेले की मला रडू येतं आणि सगळं राहून जातं. पण तुम्हाला म्हणून सांगते, बस सुटली तेव्हा मी मुद्दामच बसून राहिले. वर जाऊन हात लावला असता तर मी जिंकले असते. तुमच्यामागे जिंकून मी काय करू, अब्बा?