डाव्या पायाचं प्लास्टर आणि टोव्हेची कॉफी

कोपनहेगन, चौथा मजला
(लिफ्ट अजूनही नाही)

आदरणीय गुड्रूनताई,

मागच्या भेटीबद्दल आभार. (रीत आहे म्हणून लिहितो. मागच्या भेटीत मी तुला कोटासकट जिन्यात काढलं होतं, हे दोघांनाही आठवतंय.) तुझा रक्तदाब कसा आहे? कोंबड्या काय म्हणतात? टोव्हे खुशाल आहे, म्हणजे निजून आहे. तिचा खुबा मोडला त्याला चौदा महिने झाले. हाड कधीच जुळलं, पण माझी बायको पलंगावरून खिडकीपर्यंत जाते तेवढीच. चार जिने उतरून रस्ता तिनं तेव्हापासून पाहिलेला नाही.

तर मी विद्यापीठात माझे पाय देऊन आलो. स्नायूंच्या एका प्रयोगासाठी पंचविशीतली पोरं आणि साठीच्या पुढची धडधाकट माणसं हवी होती, आणि अडतीस वर्षं सायकलवरून टपाल वाटलेला माणूस असल्या ठिकाणी मिरवायलाच जातो. (टोव्हेला पाठुंगळी घेऊन खाली नेईन, असाही एक बेत होता. हसू नकोस.) डावा पाय पंधरा दिवस प्लास्टरमध्ये, उजवा मोकळा, मग दोघांची तुलना. आधी दोन्ही मांड्यांतून जाड सुईनं स्नायूचा वाटाण्याएवढा तुकडा काढला. सिडसेल नावाची संशोधक पोरगी म्हणाली, "काका, जरासं दाबल्यासारखं वाटेल." जरासं! ते पंधरा दिवस मी बसल्या बसल्या एकेक पायरी घसरत राय धान्याचा काळा पाव आणायला उतरत होतो. दुसऱ्या मजल्यावरच्या बाईंना मी प्यायलोय असं वाटलं, आणि त्या पहिल्यांदाच माझ्याशी प्रेमानं बोलल्या. घरात एका पायावर उड्या मारत टोव्हेला कॉफी नेत होतो. अर्धी उंबऱ्यावर सांडायची, उरलेली ती पिऊन छान झाली म्हणायची.

प्लास्टर कापलं तर आतून भलत्याच कुणाचा तरी पाय निघाला. मांडी वाळलेली, ताकद पाव हिश्शानं गेलेली. सिडसेल आनंदानं आलेख दाखवत होती. स्नायू फार हिशेबी जात आहे ताई, काम सांगणारं कुणी नसलं की तो स्वतःलाच मोडीत काढतो. मग सहा आठवडे सायकल मारली. माझ्याबरोबरच्या पंचविशीतल्या पोरांचे पाय तोवर पूर्ववत झाले, माझा नाही. मी सिडसेलला सहज विचारलं, की समजा पंधरा दिवस नाही, चौदा महिने झाले, आणि नवरा कॉफीसुद्धा पलंगावर आणून देत असला तर? ती हसायची थांबली. "आता तरी उठवा त्यांना, काका. काम सांगितलं की म्हातारा स्नायूही ऐकतो, फक्त सावकाश. कोण आहे?" मी म्हटलं, शेजारीण.

तू त्या दिवशी कप स्वयंपाकघराच्या टेबलावर ठेवलास आणि म्हणालीस, "टोव्हे, कॉफी हवी तर इथे ये." सात पावलं होती. भिंत धरून, रडत, ती चार चालली होती. उरलेली तीन मी चाललो, कप घेऊन. मग तुला निर्दय म्हणालो आणि दार उघडलं. हाडाचं काम डॉक्टरांनी नीट केलं होतं, तिचे पाय मी घालवले, प्रेमानं, दिवसातून चार कप. तुझा राग मला अजून येतो, कारण तुझं बरोबर होतं आणि ते ऐकवायलाही तू परत आली नाहीस.

काम काही नाही, सहज लिहिलं.

तुझा भाऊ,
आयनर

ता. क. काम आहे. तू ये. मी दोनदा कप टेबलावर ठेवून पाहिला. ती "आयनर, दुखतंय रे" म्हणते आणि माझे दोन्ही पाय (डावासुद्धा) तिच्याकडे धावतात. कठोर व्हायला तूच लागतेस. या वेळी मी खाली रस्त्यावर जाऊन बसेन, ती स्वतः स्वयंपाकघराच्या खिडकीतून हाक मारेपर्यंत वर येणार नाही. पुढच्या भेटीबद्दल आगाऊ आभार.

ता. क. २. तुला लिहितोय हे टोव्हेला सांगितलं. तिनं रिकामा कप माझ्या हातात दिला. मग म्हणाली, "बोलाव. पण ती येईपर्यंत तरी कॉफी इथेच दे." दिली. लवकर ये.