खोक्याच्या कोपऱ्यातलं स्टिकर

बाबा, कॉम्प्युटर म्हणजे काय ते तुम्हाला सांगत बसत नाही, मलाही ते धड माहीत नाही. हातमाग सोडून दुसऱ्या कशाला तुम्ही कधी यंत्र म्हणाला नाहीत, तेव्हा मागच समजा. माझ्या नातीने घरात एक उभा करायला घेतला होता, सुटे भाग आणून, स्वतःच्या हाताने. तो उभा राहिला नाही. शेजारच्या खोलीत ती आता ते भाग परत खोक्यांत भरते आहे, आणि मी ओट्याशी स्टूल ओढून हे लिहिते आहे. भाजी चिरायची पडली आहे. पडू दे.

तिचा बाप, म्हणजे माझा मुलगा, सरकारी ऑफिसात आहे आणि घरीसुद्धा ऑफिसातच असतो. पोरगी म्हणाली, बी.कॉम. सोडून कॉम्प्युटर शिकते. तो म्हणाला, "बिल्कुल शिक. पण आधी एक कॉम्प्युटर जोडून दिवाळीपर्यंत चालू करून दाखव. नाही झाला तर क्लार्कच्या परीक्षेचा क्लास लावायचा, आणि पुन्हा हा विषय काढायचा नाही." ती म्हणाली, "चलो, डन." सोसायटीतल्या पोरांच्या शिकवण्या घेऊन तिने प्रोसेसर आणला. आगपेटीपेक्षा लहान, खाली बारीक बारीक पिना, शेकड्याने. मला म्हणाली, "आजी, हे डोकं. आणि मदरबोर्ड म्हणजे हे ज्यात बसतं ते." मी म्हटलं, मग बसव की. "नुसतं बसून नाही चालत यार. बोर्डाला हे डोकं ओळखता आलं पाहिजे. बोर्ड आधी बनलेला असेल तर त्याला हे नवं डोकं ठाऊकच नसतं. मग सगळं जागच्या जागी बसतं आणि काहीच होत नाही." मी म्हटलं, आजीला यार म्हणतेस? जोडलेल्या कॉम्प्युटरमध्ये ती लिनक्स टाकणार होती, त्याला चालवणारं सॉफ्टवेअर. ते फुकट मिळतं, आणि आत काय लिहिलंय ते उघडून बघता येतं म्हणे. त्या लिनक्सचं काही भागांशी जमतं, काहींशी जमत नाही, म्हणून बोर्डावरचा वायफायचा तुकडासुद्धा तिने चार दिवस वाचून ठरवला. सामान बघतेस की स्थळं, मी विचारलं. किती हसली होती तेव्हा.

बोर्ड मी घेऊन देणार होते, माझ्याकडून. ती तापाने पडली आणि दिवस थोडे राहिले, म्हणून मी म्हटलं मीच आणते. तिने चिठ्ठी दिली. वर बोर्डाचं नाव इंग्रजीत, दुकानदाराला दाखवायला. खाली माझ्यासाठी आपल्या अक्षरात, ठसठशीत: खोक्याच्या कोपऱ्यात लाल गोल स्टिकर असायलाच हवं. ते असेल तरच बोर्डाला नवं डोकं ठाऊक असतं. नसेल तर घेऊ नकोस. तिने सांगितलेल्या दुकानात मी गेलेच नाही, बाबा. आमच्या मयूर विहारच्या मराठी मंडळात एक जण येतो, त्याचं इथे जवळच कॉम्प्युटरचं दुकान आहे. पंचेचाळीस वर्षं या दिल्लीत भाजीवाल्यापासून डॉक्टरपर्यंत सगळ्यांशी मी हिंदीत भांडले. कुणी "काकू, बसा, पाणी घ्या" म्हटलं की माझी अक्कल चप्पल काढून बाहेर थांबते. त्याने तेच नाव असलेलं खोकं काढलं. मी कोपरा पाहिला. स्टिकर नव्हतं. विचारलंसुद्धा. तो म्हणाला, "काकू, स्टिकर काय, निघून जातं. बोर्ड तोच आहे. तुमचा प्रोसेसर यात बसणार म्हणजे बसणार, माझा शब्द." आपल्या माणसाला दुसऱ्यांदा काय विचारायचं? घेतलं.

बसला की. अलगद बसला. पंखा फिरला, दिवा लागला, आणि पडदा काळा. ती दोन दिवस खोलून जोडत होती. मग बाहेर येऊन विचारलं, "आजी, स्टिकर होतं ना गं नक्की? खोक्यावर दिसत नाहीये." आणि मी, जिला या घरात कुणी फसवू शकत नाही असं मीच सगळ्यांना सांगत आले, मी म्हणाले, होतं. मी पाहिलं. रिक्षात घासून निघालं असेल. तिने मान हलवली. "मग बोर्ड बरोबर आहे. माझ्याच हातून पिना वाकल्या असतील." माझ्या शिवणाच्या डब्यातली सुई मागितली. मी दिली. एक पीन तिला तिरकी वाटत होती, ती सरळ करायला गेली आणि पीन तुटली, म्हणजे प्रोसेसर कायमचा गेला. आवाजसुद्धा झाला नाही. ती हात उलटेपालटे करून बघत बसली.

दुसऱ्या दिवशी मी दुकानात जाऊन त्या माणसाला सोलून काढलं. तो शांतपणे म्हणाला, "काकू, माल जुना होता. नाही ओळखलं तर आणायचं होतं परत, मी इथला जुना प्रोसेसर लावून दहा मिनिटांत बोर्डाला नवा ओळखायला शिकवलं असतं." दहा मिनिटं. मी घरी येऊन पोळ्या लाटल्या.

आता पानिपतचं सांगते. तुम्ही नागपूर सोडून तिथे खेसाच्या चादरी विणायला गेलात, मी नऊ वर्षांची. तुम्ही मला मागाची, ताण्याचे धागे ओवायची फणी आणायला पाठवता आहात, बारीक कामाची, साठ नंबरची, वेशीपलीकडच्या दुकानातून. ऊन आहे. अलीकडच्या दुकानात तेवढ्याच रुंदीची फणी मिळते, तिच्या काठावरचा दातांचा नंबर पुसला आहे. दुकानदार म्हणतो, उसी नाप की है, बैठ जाएगी. मी मापून पाहते, रुंदी तंतोतंत. तुम्ही विचारता, "साठाचीच ना?" मी म्हणते, हो, नंबर मी वाचला. तुम्ही दात मोजले नाहीत. मी वाचला म्हणाले ना. दोन दिवस तुम्ही एकेक धागा दातांतून ओवला आणि शेवटी मूठभर धागे हातात उरले. तुम्ही माझ्याकडे पाहिलं नाहीत, स्वतःच्या डोळ्यांवर हात फिरवलात. आईला म्हणालात, "मोजणं चुकलं माझं. नजर गेली." आणि सगळा ताणा कापून टाकलात. आठवड्याने ती फणी मी मोडून चुलीत घातली, पडून तुटली म्हणाले. तुम्ही म्हणालात, जाऊ दे.

त्यानंतर तुम्ही बारीक काम घेतलं नाहीत, जाडंभरडं विणत राहिलात. आणि धागे मोजायला मला शेजारी बसवलंत, कारण माझी नजर चांगली. शाळा चौथीत सुटली ती अशी. लग्नात, मंडळात, सुनेपुढे, नातीपुढे मी हेच सांगत आले की बापाने शाळेतून काढलं. लोक हळहळतात. मी हळहळू देते. तुमची नजर चांगली होती, बाबा. शेवटपर्यंत चांगली होती. दवाखान्यात खाटेवरून तुम्ही समोरच्या भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होता आणि मी औषधाची बाटली हलवत उभी होते. तेव्हाही वेळ होता.

पोरीने सोमवारपासून क्लास लावला. बाप खूश आहे, मिठाई आणली. काल मिक्सर बंद पडला. पूर्वी तिने तो जेवणाच्या टेबलावर उघडून मांडला असता. आता म्हणाली, "मिस्त्रीला बोलाव आजी, माझे हात वाईट आहेत." पीन तर आता तुटलेलीच आहे, खरं सांगून मशीन चालू होणार नाही, असं मी स्वतःला सांगते. मशीनचं कोण विचारतंय? इथून तिच्या दारापर्यंत दहा पावलं नाहीत. मी पानंच्या पानं लिहीत बसले आहे, कारण तुम्ही मान वर करून बघणार नाही. लिहून झालं की हे कागद पिठाच्या डब्याखाली घालीन. तिथे माझ्याशिवाय कुणी हात घालत नाही.

आत्ता तिने आतून हाक मारली. बोर्ड विकत घ्यायला कुणीतरी तयार आहे, फोनवर विचारतो आहे. "आजी, तो विचारतोय, खोक्यावर स्टिकर होतं ना? तू पाहिलेलंस ना?"

होतं, मी म्हणाले. लाल.