मजेत आहे, काळजी नसावी

आबा, तुमच्या स्लॅबला भेग पडली आहे. गावातला पहिला पक्का स्लॅब आपला, म्हणून आलेल्या पाहुण्याला तुम्ही आधी मान वर करून छत बघायला लावायचात, पाणी नंतर विचारायचात. आता तिथं कुणी राहत नाही. मी बदनापूरजवळच्या शाळेत शिकवते, वर्षातून दोनदा येते, झाडून घेते आणि परत कुलूप लावते. एवढ्यासाठी आपण घरचं एक माणूस खर्ची घातलं.

दादा भिवंडीला यंत्रमागावर कामाला गेला तेव्हा मी नववीत होते. त्याची मनिऑर्डर ओसरीवर, चारचौघांदेखत घ्यायची हा तुमचा थाट. पोस्टमन सायकल भिंतीला टेकवतो, तुम्ही अंगठा उठवता, नोटा कपाळाला लावता आणि फॉर्मखालची दोन ओळींची चिठ्ठी माझ्या हातात येते. "मोठ्यानं वाच. आमची पोरगी वाचती, आम्हाला पोस्टमनची गरज न्हाई." मी वाचते: मजेत आहे, काळजी नसावी. दर महिन्याला तेच. पुढे पुढे चिठ्ठी न बघताही म्हणता आलं असतं.

एका महिन्यात मात्र वेगळं आलं. बारावी होऊन मला जालन्याला डीएडला नंबर लागला होता, फी भरायची होती. अंगणात स्लॅबच्या सळया येऊन पडल्या होत्या. दादानं लिहिलं होतं, "खोकल्यातून रक्त पडतं. घरी येऊ का? कळवा." मी जराशी अडखळले. मग वाचलं, "मजेत आहे, काळजी नसावी." तुम्ही मांडीवर थाप मारलीत. "पोरगं असावं तं असं!" पोस्टमनला वेशीपर्यंत सोडून आलात आणि मला पोस्टकार्ड काढायला लावलंत. "लिव्ह. स्लॅबचं काम काढलंय. पुढच्या महिन्यात जरा जास्ती धाड." मी लिहिलं, अगदी वळणदार अक्षरात. घरी येऊ का, या प्रश्नाला आपल्या घरातून गेलेलं उत्तर ते तेवढंच.

दिवाळीला तो आला तेव्हा सदरा खांद्यावर लोंबत होता. नव्या स्लॅबखाली बसून खोकत होता. तुम्ही सगळ्यांसमोर म्हणालात, "चिठ्ठीत मजेत, अन् घरी आला की खोकला? कामाचा कट्टाळा आला म्हन की सरळ!" "मी कळवलं व्हतं, आबा," एवढंच तो बोलला आणि माझ्याकडे बघितलं. मी चहात साखर ढवळत राहिले. त्याला कळलं. त्यानं मला उघडं पाडलं नाही, ह्याचा मला तेव्हा रागच आला. तिसऱ्या दिवशी तो एसटीनं गेला. जाताना माझ्या पुस्तकांसाठी वेगळे पैसे देत होता. मी घेतले.

नंतरच्या चिठ्ठ्या कोऱ्या यायच्या. कोऱ्या कागदावरून मी तुम्हाला "मजेत आहे" वाचून दाखवायचे. शेवटची मनिऑर्डर त्याच्या खोलीतल्या पोरांनी पाठवली, त्याचा राहिलेला पगार. खाली होतं, "तो वारला. आम्ही सगळं केलं." ती चिठ्ठी मी होती तशी वाचली. तोवर तुमच्या नोटा कपाळाला लावून झाल्या होत्या. मग तुम्ही हंबरडा फोडलात, पण मूठ काही उघडली नाही.

ह्या पापाची मी एकटीच धनीण, असं समजून मी इतकी वर्षं काढली. तुम्ही गेलात तेव्हाही पाणी माझ्याच हातून प्यालात, पोटात होतं ते मी सांगितलं नाही. मागच्या महिन्यात जाफराबादच्या स्टँडवर तो पोस्टमन भेटला. थकला आहे आता. त्याच्यापाशी मी सगळं ओकून टाकलं. तो शांतपणे म्हणाला, "बाई, मनिऑर्डर वाटणारा वाचूनच निघतो. मला ठावं व्हतं. त्या दिवशी वेशीपाशी आबांनी मला इचारलं, पोरगी वाचताना अडकली, खरं काय लिव्हलंय? मी सांगितलं. मंग म्हणले, पोरीनं वाचलं ते बराबर वाचलं. तू गप राह्य."

म्हणजे पोस्टकार्ड सांगताना तुम्हाला माहीत होतं. दिवाळीत त्याला कामचोर ठरवतानाही माहीत होतं. मला संताप यायला हवा होता. आला नाही. हायसं वाटलं, आबा. पाप निम्मं झालं म्हणून. एसटीत खिडकीची जागा मिळाली, भूक लागली, मी शेंगदाणे घेऊन खाल्ले. दादा आठवला तो पार बदनापूर जवळ आल्यावर. तुम्हाला वाचता येत नव्हतं. हे पत्र तुमच्यापर्यंत पोचलं असतं तरी ते मलाच वाचून दाखवावं लागलं असतं, आणि शेंगदाण्याची ओळ मी गाळली असती.