कच्च्या गाजरावर पानिपत

ती. कुसुमताईस,

चंद्रप्रभाचा साष्टांग नमस्कार. (पत्र लिहिताना पलंगावर पालथीच पडले आहे, त्यामुळे तो आपोआप झाला.) तुझी कंबर, भावोजींची शुगर आणि गच्चीतला कढीलिंब कसा आहे? इकडे दिल्लीत मी ठणठणीत आहे. फोन करत नाही, कारण फोनवर तू मला एक वाक्य पुरं करू देत नाहीस.

तर ताई, पानिपतची दहा किलोमीटरची शर्यत मी पुरी केली. पुरी! तुझ्या नातवाच्या, अमोलच्या मुंजीत साठ पानांसमोर तू म्हणाली होतीस ना, की चंदूला दुसरा जिना चढताना धाप लागते, ती काय धावणार? तेव्हा मी अर्ध्या जेवणावरून उठले होते. (जिलबी तेवढी संपवली होती.) दिल्लीत पाऊल टाकल्या टाकल्या करोल बागेतून बूट आणले आणि आमच्या कॉलनीच्या पार्कात पळायला शिकवणाऱ्या अनुष्काला गाठलं. वय सव्वीस, पोट म्हणून काही नाहीच. ती म्हणाली, मॅडम, जोरात पळायचं असेल तर शिजवलेलं बिल्कुल बंद.

चार महिने मी मोडाची मटकी, गाजरं, केळी आणि भिजवलेले बदाम यांवर काढले. लोक हसले. हसू देत, माझं काय जातं! गॅसवाला घरी येऊन चौकशी करून गेला, की मॅडम, सिलिंडर लागत नाही, सब ठीक तो है ना? मीटिंगमध्ये मी गाजर चावलं की आमचे जॉइंट सेक्रेटरी बोलायचे थांबतात. मी चावायची थांबत नाही. का थांबू? ते समोसे खातात तेव्हा मी काही म्हणते का? (नुसती बघते.) कोशिंबिरीवर फोडणी चालेल की नाही, यावरून अनुष्काशी तीन दिवस अबोला होता. शेवटी फोडणीही गेली. ताई, मी हिंगाची डबी रोज उघडून वास घेत होते आणि बंद करत होते.

वर तुझा फोन. आपली माणसं पानिपतावर उपाशी लढली, त्यांचं काय झालं ते शाळेत शिकलीस ना, निदान तू तरी खाऊन जा! नाही गेले खाऊन. सात बदाम चावले आणि उभी राहिले. सहा किलोमीटर मजेत गेले, सातव्याला जरा थांबले (तांत्रिक कारण), आणि पोचले तेव्हा शर्यत संपते तिथल्या फुगवलेल्या कमानीतली हवा काढत होते. मी ओरडले, रुको! आणि कमान डोक्याला लागायच्या आत पलीकडे गेले. शेवटची आले, पण आले. मेडल भिंतीवर लटकवलं आहे. सगळं श्रेय कच्च्या आहाराचं. आता बोल.

तुझी न ऐकणारी,
चंदू

ता. क. : इथपर्यंतचं भावोजींना मोठ्याने वाचून दाखव. पुढचं नको.

ता. क. २ : सातव्या किलोमीटरला ते सात बदाम संपले आणि मी रस्त्याच्या कडेला बसकण मारली. तिथे सगळ्यांचं कुणी ना कुणी उभं होतं, नावं घेऊन ओरडत होतं. सुनेसाठी डबा घेऊन आलेल्या एका म्हातारीने विचारलं, बेटी, तेरे साथ कौन आया है? मी म्हटलं, कोई नहीं. तिने सुनेचा डबा माझ्या मांडीवर ठेवला. मुळ्याचे पराठे आणि लोण्याचा गोळा. तीन खाल्ले. रडत रडत खाल्ले, आता लपवून काय करू? पुढचे किलोमीटर त्यांच्यावरच झाले. (अनुष्काला हे कळता कामा नये.)

ता. क. ३ : फेब्रुवारीत दिल्लीत पुढची शर्यत आहे. आहार कच्चाच राहील, त्यात बदल नाही. पण ताई, तू ये. सातव्या किलोमीटरला उभी राहा आणि चंदू म्हणून जोरात हाक मार. येताना डबा आण. त्यात काकडी निघाली तर मी तुला ओळख दाखवणार नाही.